१८८८ची हजेरी-वही म्हणून १९,५०० रुपयांना फसवलं

गिरण्यांची जुनी दप्तरं विकत घेणाऱ्यांनी हे वाचावं. माझे २,००० बयाण्यात गेले, १४,५०० वही हातात पडल्यावर आणि वर ३,००० 'कसर लागू नये म्हणून औषध' मारायचे.

माझी खापरपणजी रत्नागिरीकडून येऊन लालबागच्या गिरणीत रिळिंग खात्याला (सुताच्या लड्या गुंडाळायच्या कामाला) लागली. तिचा एक कागद घरात नाही. जुनी दप्तरं विकणाऱ्या एका माणसानं बायकांची १८८८ची हजेरी-वही आहे म्हणून फोन केला. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, दप्तरं रद्दीत गेली, हे ऐकतच आपण मोठे झालो. मग विश्वास बसणार नाही तर काय? पण तिचं नाव-गाव त्यानं आधी विचारून घेतलं, आणि चार दिवसांनी ते वहीत 'सापडलं'. नाव आधी कधीच सांगू नका. वही आधी बघा.

मोडी मला वाचता येते. तिचं नाव दिसलं, डोळे भरून आले आणि पुढचं काही मी पाहिलंच नाही. दर सातव्या घरात 'र' मांडला होता. रविवार, सुट्टी. १८८८ साली! गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी ही सुट्टी १८८४पासून मागितली. २४ एप्रिल १८९०च्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या, आणि १० जून १८९०ला सुट्टी पदरात पडली. तीस वर्षं शाळेत हे मीच शिकवलं! वर मथळ्यात 'कामाचे तास ११'. बायकांचे ११ तास ठरले ते १८९१च्या फॅक्टरी कायद्यानं. १८८१च्या कायद्यात बायकांसाठी काहीच नव्हतं. पगाराच्या रकान्यात सगळ्या बायकांपुढे सारखेच ७ रुपये. रिळिंगचं काम उक्तं, जितका माल तितके पैसे. सगळ्यांचे सारखे कसे येतील?

जी बाई उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत राबली, तिच्या नावावर त्यानं तिला न मिळालेली सुट्टी मांडली. पैशांपेक्षा हे जास्त झोंबतं.

चौकीत गेले तर हवालदार म्हणाले, "वही मिळाली ना? मग फसवणूक कसली?" वही खोटी आहे हे तुम्ही सिद्ध करा, म्हणाले. सायबरवाल्यांकडे गेले, तर तुम्ही त्याला समोरासमोर भेटलात, हे आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले, चौथ्या खेपेला बंदोबस्ताला. साधा अर्ज घेतल्याची पोच मिळायला २३ दिवस लागले, आणि तोवर त्याचा नंबर बंद. पैसे यूपीआयनं गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपायी आठ दिवस घरात कुणाला बोलले नाही.

त्याच्याकडे अजून तीन गिरण्यांच्या वह्या आहेत, असं तो म्हणाला होता. तुम्हाला दाखवल्या तर आधी रविवार बघा.