१९१६, माहिती अधिकार, एएलएम की हरकत? वेळ कमी असलेल्या मुंबईकरासाठी

नोकरी आणि लोकलच्या धावपळीतून उरलेला वेळ आपल्या भागासाठी द्यायचा असेल, तर आधी प्रश्न कुठल्या जातीचा आहे ते बघा. वाट त्यावरून ठरते.

कचरा उचलला नाही, गटार तुंबलं, मॅनहोलचं झाकण गायब आहे, अशा कामांना पालिकेचा तक्रारीचा फोन नंबर १९१६ पुरेसा आहे. तक्रार क्रमांक मात्र लिहून घ्या. तो नसेल तर वॉर्ड ऑफिसात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खड्डा बुजतो. दर पावसाळ्यात तोच का उघडतो, हे १९१६ वर कुणी सांगत नाही.

ते विचारायला माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, अर्ज ऑनलाइनही चालतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत मांडावा लागतो, म्हणजे राग काढायला जागाच नाही. तसंही ‘रस्ता इतका खराब का?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. त्याऐवजी त्या रस्त्याची वर्क ऑर्डर, ठेकेदाराचं नाव, दोष दायित्व कालावधी (बिघाडाला ठेकेदार जबाबदार असतो ती मुदत) आणि मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापांच्या नोंदींची, प्रत मागा. कालावधी संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या गळ्यात पडते. उत्तर आलंच नाही, तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. चिकाटी लागते, पण एकट्याने होतं. माझं मत या वाटेला.

एएलएम (अॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट), म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांनी एकत्र येऊन वॉर्डात नोंदवलेला गट. ओला-सुका कचरा, फेरीवाले, पार्किंग असे रोजचे विषय इथे हाताळता येतात आणि अधिकारी गटाचं जरा जास्त ऐकतात. पण सोसायटीच्या सभेत चहा येईपर्यंत टिकण्याची ताकद नसेल, तर या फंदात पडू नका.

पालिका एखाद्या प्रस्तावावर लोकांकडून मागवते त्या हरकती-सूचनांकडे लोक फिरकत नाहीत, याचं नवल वाटतं. २०१५ मध्ये शहराच्या विकास आराखड्याच्या मसुद्यातल्या चुकांवर इतका गदारोळ झाला, की मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला लावला. आराखडा रोज येत नाही. झाडतोडीची नोटीस मात्र बुंध्यावरच लावलेली असते. सात दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोचपावतीवर शिक्का मागून घ्या.