यामाहा एफ३१० की एफजी८००?

दोन्ही पोलादी तारांच्या गिटार. खरा फरक वरच्या फळीत. एफ३१० ची फळी प्लायची, एफजी८०० ची अखंड स्प्रूस लाकडाची. साउंडहोलची (फळीतल्या गोल भोकाची) कड निरखून पाहा (दुकानात मोबाइलचा टॉर्च लावायला लाजू नका): अखंड लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरतात, प्लायमध्ये थर दिसतात. अखंड फळी मोकळी थरथरते, म्हणून खर्जाच्या तारा भरदार वाजतात. वर्षानुवर्षं वाजवायचं ठरलं असेल, तर जास्तीचे पैसे एफजी८०० वरच घाला. शाळकरी मुलांसाठी मात्र एफ३१० बरी: तिची स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६३४ मिमी, दुसरीची ६५०, त्यामुळे लहान बोटांना ताण कमी. शिवाय कोकणातल्या पावसाळ्यात प्लाय दमटपणा बराच सोसते. अखंड फळीच्या गिटारला ठेवायला पेटी (केस) आणि ओल शोषणारं सिलिका जेल हवंच.