फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटला भरायला देतात तो ३० प्रश्नांचा फॉर्म, आमचा अनुभव

ओपीडीत नंबर लागायच्या आधी हातात देतात तोच फॉर्म. त्रास किती होतो आणि रोजचं जगणं कसं चाललंय ते त्यात विचारतात. नाव क्यूएलक्यू-सी३०, कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या युरोपातल्या ईओआरटीसी संस्थेचा आहे, मराठीतही आहे. सोबत फुप्फुसवाल्यांसाठी १३ प्रश्न वेगळे, खोकला, थुंकीत रक्त, दम, हातापायाला मुंग्या येणं, छातीतलं दुखणं असं सगळं. बहुतेक उत्तरं १ ते ४ मध्ये, १ म्हणजे अजिबात नाही आणि ४ म्हणजे खूप जास्त. आमच्याकडं लोक बाकावर बसून पोराच्या हातानं कसेही आकडे टाकून मोकळे होतात, तसं करू नका भाऊ, लय कामाची गोष्ट आहे.

स्कॅनमध्ये गाठ किती सेंटीमीटर उतरली ते दिसतं, पण माणूस वावरापर्यंत चालत जातो का दिवसभर खाटेवर पडून राहतो हे त्यात कुठं दिसणार? बाबांचा रिपोर्ट चांगला आला, गाठ लहान झाली, आम्ही सगळे खूश, आणि त्याच दिवशी मुंग्यांच्या प्रश्नाला बाबा म्हणाले, चार लिही. घरी एका शब्दानं बोलले नव्हते. बोटं बधिर झाल्यानं शर्टाची बटनं लागत नव्हती म्हणून ते नुसत्या बनियनवर फिरत होते, आम्हाला वाटलं उन्हामुळं. "सांगून का करू, मंग तुमी केमोच बंद करसान," म्हणाले. मी ते पान डॉक्टरांपुढं धरलं तेव्हा त्यांनी पाहिलं आणि डोस बदलला. आपण दाखवलं नाही तर फॉर्म फाईलीत जातो आणि तिथंच राहतो, माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

विचारलं आणि लगेच इलाज केला तर किती फरक पडतो ते न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलच्या अभ्यासात दिसलं. फॉर्म वेगळा होता, पेशंट ७६६, कॅन्सर वेगवेगळे, फुप्फुसाचाही. केमो चालू असताना जे आपला त्रास कॉम्प्युटरवर कळवायचे आणि त्रास वाढला की नर्सला मेसेज जायचा, त्यांचं मीडियन आयुष्य (म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले तो आकडा) ३१.२ महिने, बाकीच्यांचं २६. निकाल २०१७ चा आहे.

आता खटकलं ते. जड पिशवी नाहीतर सुटकेस उचलताना त्रास होतो का विचारतात, आमच्याकडं हापशीवरची बादली विचारा ना. जिना चढताना दम लागतो का, तर आमच्या घराला जिनाच नाही. पैशाच्या ओढाताणीवर ३० मध्ये एकच प्रश्न, आणि इथं सोयाबीन घरात यायच्या आधी गाडीभाडं उसनं घ्यावं लागतं, सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. अजून एक, प्रश्न गेल्या आठवड्याचे असतात, केमो दर २१ दिवसांनी, म्हणजे ओपीडीला जाईपर्यंत पहिल्या आठवड्याचे हाल निघून गेलेले असतात आणि कागदावर सगळं बरं दिसतं.

पाचपैकी चार स्टार. फॉर्मचा फोटो काढून ठेवा, केमोनंतरच्या पहिल्या आठवड्यात घरीच वहीत तेच प्रश्न पेशंटला विचारा, उत्तर त्यांनाच देऊ द्या, मधे बोलू नका. मागच्या वेळी २ होतं ते आता ३ झालं असेल तर त्यावर लाल पेनानं गोल करून डॉक्टरांना आधी तेच दाखवा, स्कॅन नंतर.