आधी प्रोबायोटिक कॅप्सूल, मग घरचं दही: सात महिन्यांत पोटाचं आणि वजनाचं खरं काय झालं

टायफॉइडच्या अँटिबायोटिक गोळ्या संपल्या आणि माझं पोट बिघडलं. दुपारी जेवलं की तास-दीड तास पोट टम्म, दोन-दोन दिवस साफ व्हायचं नाही. वजन ७४ किलो. बेळगावच्या शहापुरातल्या एका मेडिकलमधून प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपयोगी अशा जिवंत जिवाणूंच्या, साठ कॅप्सूलची डबी आणली. वर लिहिलेलं, 'पोटाचं आरोग्य आणि वजन नियंत्रण'.

तिसऱ्या आठवड्यात पोटफुगी कमी झाली, हे मान्य करायलाच हवं. वजन मात्र तीन महिन्यांत जेमतेम अर्धा किलो उतरलं, आणि तेवढं तर पाणी कमी-जास्त झालं तरी हलतं. मग मी डबी नीट वाचली. जिवाणूंची नावं नुसती 'लॅक्टोबॅसिलस' अशी, पुढे कोणता स्ट्रेन, म्हणजे नेमका उपप्रकार, ते नाही. १,००० कोटी जिवाणू हा आकडा तयार करतानाचा, मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील ते नाही. ज्या दुकानात ती भर उन्हात काचेच्या कपाटात ठेवलेली, तिथं त्यातले किती तगले असतील? हे जिवाणू आतड्यात कायमचं घर करत नाहीत, बहुतेक वेळा कॅप्सूल थांबवली की थोड्याच दिवसांत निघून जातात. वजनावरचा परिणाम अभ्यासांत कधी दिसतो, कधी नाही, आणि दिसला तरी थोडाच.

चौथ्या महिन्यात कॅप्सूल बंद केली आणि सासूबाईंच्या हाती कारभार दिला. त्या दूध तापवून कोमट करतात, करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं की ते बरोबर. मग विरजण चमचाभर, ढवळायचं, आणि मातीच्या गाडग्यात ठेवून वर फडकं. थंडीत गाडगं तांदळाच्या डब्यात पुरतात. सकाळी दही चाकूनं कापावं असं लागलेलं असतं. दुपारी त्याचं ताक, जिरं-मीठ घालून. नाचणीची आंबील केली तर ताक ती कोमट झाल्यावरच घालायचं. उकळत्यात घातलं की जिवाणू मरतात, उरते नुसती चव.

पण एकट्या दह्यानं काही झालं नसतं. आतड्यातल्या जिवाणूंना खायला चोथा लागतो, म्हणून पोळीच्या जागी जोंधळ्याची भाकरी, रोज एक वाटी मोडाची कडधान्यं, आणि पालेभाजी. कुंदा, आमच्या बेळगावची दुधाची मिठाई, महिन्यातून एकदाच. व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात सकाळी चाळीस मिनिटं चालणं. सातव्या महिन्याअखेर ६९ किलो, आणि पोट रोज साफ.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: वजनासाठी कॅप्सूल घेऊ नका. अँटिबायोटिकनंतर पोट बिघडलं असेल तर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस घ्या. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, केमो चालू असलेल्यांनी न विचारता अजिबात घेऊ नये. माझ्या शेवटच्या डबीत बावीस कॅप्सूल उरल्यात, त्या तशाच फ्रिजमध्ये आहेत. गाडगं मात्र रोज संध्याकाळी घासून ठेवते.