भजनी मंडळांतली छापील ‘आत्मपरीक्षण वही’: घ्यावी का?

बेळगाव-खानापूर भागातल्या भजनी मंडळांत फिरणारी ही वही दिसायला नेटकी. रोज एक पान. जप, हरिपाठ, एकादशी, राग, खोटे बोलणे यांचे रकाने आणि शेवटी १० पैकी गुण. घोटाळा त्या गुणांतच आहे. बेरीज वाढली की माणूस सुखावतो आणि ज्या अहंकाराला धरायचे, तोच वहीत ठाण मांडतो. ‘१०८ जप पूर्ण’ लिहिणे सोपे. भिशीच्या हिशेबात शेजाऱ्याला तोडून बोललो, त्याला रकानाच नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत पहिले अमानित्व म्हणजे मानाची हाव नसणे, दुसरे अदंभित्व म्हणजे दिखावा नसणे. इथे मात्र मंडळप्रमुखाच्या सहीची जागा छापली आहे! सही घ्यायची म्हटल्यावर खरे कोण लिहील?

तरी वही टाकाऊ नाही. गुण आणि सही यांवर काट मारा. आठवड्याला एकच दोष धरा, समजा बांधावरून भावाशी बोलताना चढणारा आवाज. निजण्यापूर्वी दहा मिनिटे, तीनच ओळी: कोणाला, काय बोललो, उद्या भरपाई काय. ‘मी फार पापी’ असले लिहू नका. तोही एक मोठेपणाच, शिवाय त्यातून करण्याजोगे काही निघत नाही. भरपाई झाली की ओळ खोडा. सातव्या दिवशी पाने चाळा. तेच नाव पुन्हा पुन्हा दिसले तर पुढच्या आठवड्यातही दोष बदलू नका.

कागद पातळ आहे, जेल पेनची शाई मागे उमटते. बॉलपेन वापरा, नाहीतर सरळ साधी दोनशे पानी वही घ्या.