कस्टम एक्झॉस्टची थरथर: इंटरलॉक फ्लेक्स पाईप पैसे वसूल, 'रेसिंग' रबर नको

इंजिन आडवं बसवलेल्या फ्रंट-व्हील गाडीत ॲक्सिलरेटर दिला की इंजिन पुढे-मागे डुलतं. कंपनी फिटिंगच्या एक्झॉस्ट पाईपमध्ये हा डोल गिळायला लवचिक सांधा (फ्लेक्स) असतो. कस्टम काम करताना तो कापून सरळ पाईप जोडला, की थरथर थेट फ्लोअरमध्ये आणि आरशात. त्यावर उपाय म्हणून इथे पाहिलेला फ्लेक्स पाईप एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चा, ५१ मिमी व्यासाचा, १५० मिमी लांब आणि आत इंटरलॉक लायनर (एकात एक अडकलेल्या पट्ट्यांचं अस्तर) असलेला.

लायनर आहे की नाही ते घेतानाच बघा. तोंडातून डोकावलं की शॉवरच्या नळीसारख्या एकात एक अडकलेल्या पट्ट्या दिसतात. नुसतीच वळ्यांची नळी दिसली तर परत ठेवा; गरम गॅस थेट वळ्यांवर आदळून ती लवकर फाटते.

फ्लेक्स वाकतो, दबतो. पीळ मात्र सहन करत नाही. म्हणून आधी पूर्ण पाईप हँगरवर (गाडीखाली पाईप टांगणाऱ्या रबरी कड्यांवर) टांगायचा, फ्लेक्स मोकळ्या लांबीत ठेवून टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारायचे आणि मगच टिग वेल्डिंग, तेही फक्त टोकाच्या कॉलरवर. पाईप जुळत नाही म्हणून फ्लेक्स ओढून बसवणं हा गॅरेजमधला लाडका शॉर्टकट. पहिली चीर टोकाच्या वळीत पडते ती यामुळेच. फ्लेक्सच्या मागे लगेच एक हँगर हवाच, नाहीतर पाईपचं वजन त्याच्यावर लोंबतं.

हँगरच्या रबरांमध्ये पॉलियुरेथेनचे 'रेसिंग' हँगर रोजच्या गाडीला घेऊ नयेत. ते कडक असतात, थरथर बॉडीत पोचवतात. साधं ईपीडीएम रबर पुरतं; कॅटॅलिटिक कन्व्हर्टरजवळच्या उष्णतेत सिलिकॉन. एसएस ३०४ चा ३ मीटर पाईप ३००° सेल्सिअसने तापला तर सुमारे १५ मिमी वाढतो. तेव्हा थंड असताना रबराचं खालचं टोक किंचित पुढे झुकलेलं ठेवा, गरम झाल्यावर ते सरळ होतं. बॉडीपासून १५-२० मिमी अंतर सोडा.

आयडलची (गाडी उभी, इंजिन चालू असतानाची) थरथर फ्लेक्स आणि मऊ रबर या जोडीने नक्की उतरते. हायवेवरचं घुमणं मात्र उतरत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला १०० हर्ट्झचा आवाज असतो, त्याला रेझोनेटर (ठरावीक आवाज दाबणारा पाईपमधला डबा) लागतो.

आणि इंजिन माउंट (इंजिन धरणारा रबरी आधार) खचलेलं असेल तर आधी ते बदला. नाहीतर नवा फ्लेक्सही फाटणार.