दिवाडी की चोडण? सायकलवरच्या एका दिवसासाठी

पणजीत शिकायला आलेल्या आणि हाताशी सायकल असलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पहिल्याच सत्रात कधीतरी पडतो. रविवार मोकळा आहे, मांडवीतल्या एखाद्या बेटावर जायचंय, तर चोडणला जावं की दिवाडीला? सुरुवातीची वाट दोन्हींची एकच. पणजीतल्या पाटोवरून निघायचं आणि १६३३-३४ साली पोर्तुगीजांनी बांधलेल्या लांबलचक लिन्हारिस पुलावरून मिठागरं बघत रायबंदर गाठायचं. सपाट रस्ता, एका हाताला नदी. खरी निवड त्यानंतर सुरू होते. मी दोन्हीकडे जातो, दोन्ही आवडतात, पण सायकल घेऊन निघालो की माझं चाक आता आपोआप एकाच बाजूला वळतं.

चोडणची बाजू आधी मांडतो, कारण ती दुबळी नाही. रायबंदरच्या धक्क्यावरून बोट सतत ये-जा करत असते. जुलै २०२५ पासून या मार्गावर रो-रो बोटीही (गाड्या थेट चढवता-उतरवता येणाऱ्या) आल्यात, त्यामुळे उन्हात ताटकळणं माझ्या अनुभवात तरी कमी झालंय. पलीकडे उतरलात की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लगेच समोर. १९८८ साली घोषित झालेलं हे अभयारण्य १.७८ चौरस किलोमीटरचं, जवळजवळ सगळं खारफुटीचं. थंडीत ओहोटीच्या वेळी गेलात तर उघड्या पडलेल्या चिखलावर बगळे, तुतवार, खंड्या आणि पायाशी उड्या मारणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, दिसतात. भरती असेल तर नुसती झाडं आणि पाणी. तेही सुंदरच असतं, पण पक्ष्यांसाठी निघालेल्या माणसाचा हिरमोड होतो. बेटाच्या आतल्या भागात चढउतार आहेत, गर्द झाडी आहे, जुनी पोर्तुगीज वळणाची घरं आहेत. सावली हवी असेल तर चोडण नक्कीच सरस.

आता माझी अडचण. चोडणला बघण्यासारखं जे सर्वांत मोठं आहे ते धक्क्याला लागूनच आहे आणि ते पायी बघायचं असतं. सायकल दाराशी लावून तुम्ही आत जाता. म्हणजे सायकल आणली ती बाहेर उभी करायला. तेही चाललं असतं, जर बाहेरचा रस्ता सायकलवाल्याचा असता.

तो तसा नाही. चोडण नावाला बेट असलं तरी उत्तरेकडे मयेच्या बाजूने रस्त्याने जोडलेलं आहे. त्यामुळे डिचोली, मये भागातून पणजीला कामाला येणारी कितीतरी माणसं हाच जवळचा मार्ग धरतात. बोट धक्क्याला लागते, फळी खाली येते आणि तिच्यावरच्या सगळ्या दुचाकी, मागून मोटारी, एकदम रस्त्यावर सुटतात. प्रत्येकाला पुढे जाऊन घर गाठायचं असतं, आणि त्यात गैर काहीच नाही, रस्ता त्यांचाच आहे. पण धक्क्यापासून आत जाणारा रस्ता अरुंद आहे, दोन्ही बाजूंना खारफुटी आणि पाणी, बाजूला उतरायला जागा बेताची. तुम्ही पॅडल मारत असता, मागून हॉर्न सुरू होतो, एक गाडी, दुसरी गाडी, पाचवी, दहावी, आणि मग शांतता. या शांततेत जेमतेम बगळा दिसला म्हणून थांबावं, तर समोरून दुसरी लाट येते, कारण परतीची बोट पकडायला निघालेले सगळे आता विरुद्ध दिशेने धक्क्याकडे पळत असतात. हे पुन्हा पुन्हा होतं. दिवसभर तुमचं लक्ष रस्त्याच्या कडेपेक्षा पाठीमागच्या आवाजाकडे राहतं. सायकलवरून बेट बघायचं म्हणजे मान वळवून बघायचं, वाटलं तिथे पाय टेकवायचा, मित्राच्या शेजारी शेजारी गप्पा मारत जायचं. चोडणच्या मुख्य रस्त्यावर आम्ही कायम एकामागे एक चाललो, बोललो असं काहीच नाही.

रविवारी अगदी सकाळी हा त्रास कमी असेलही. आतल्या वाड्यांच्या रस्त्यांना वळलात की बराच निवळतो, हेही खरं. पण माझ्या दृष्टीने निकाल इथेच लागला.

दिवाडीला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि पलीकडे डिचोली तालुक्यातलं नार्वे, अशा तीन बाजूंनी फेरीबोट लागते, आणि चौथा मार्ग नाही. बोटीची लाट इथेही येते, पण ती बेटावर राहणाऱ्यांची असते, गावात शिरली की विरून जाते. मग रस्ता तुमचा.

आणि तो रस्ता! जुने गोवेच्या बोटीतून उतरलात की बेटावरच्या पिएदाद गावापर्यंत सरळ खाजनातून जातो. खाजन म्हणजे खाडीचं पाणी बांध घालून अडवलेली शेतजमीन, हे गोव्यात राहून कानावर आलेलं असतंच. पण ते चालतं कसं हे मला सायकल थांबवून मानशीजवळ उभं राहिल्यावर कळलं. बांधात मध्ये एक दार असतं, ती मानस. भरतीचं पाणी बाहेरून रेटा देतं तेव्हा तिची लाकडी झडपं आपोआप मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या जोरावर तीच झडपं उघडतात आणि शेतातलं जादा पाणी निघून जातं. ना मोटर, ना पंप. दिवसातून दोनदा चंद्राच्या तालावर हे होत राहतं. मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासे आणि सुंगटं (कोळंबी) धरतात. पावसाळ्यात याच जमिनीत खारटपणा सोसणारं कोरगूट भात घेत आलेत. शतकानुशतकं गावकऱ्यांनी हे बांध राखले म्हणून ही बेटं शेती करू शकली. चोडणलाही खाजनं आहेत, पण तिथे ती बघायला मला कधी निवांतपणा मिळाला नाही.

पिएदादला एक टेकडी आहे, एकच खरा चढ. गिअर नसलेल्या सायकलवर उतरून ढकलावी लागते, पण अवश्य ढकला. वर चर्च आहे आणि समोर मांडवीपलीकडे जुन्या गोव्याची सगळी चर्चं झाडीतून डोकं वर काढून उभी दिसतात. चर्चलगतच्या दफनभूमीत एक लहानसं कपेल, म्हणजे प्रार्थनाघर, आहे. त्याच्या छताचं दगडी कोरीवकाम गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजांच्या काळातल्या देवळाचं आहे. इथे पूर्वी गणपतीचं देऊळ होतं. धर्मांतराच्या काळात मूर्ती पाण्यापलीकडे नेली आणि तो गणपती आज खांडोळ्याला आहे. चोडणचा देवकीकृष्णही असाच आधी मयेला आणि मग माशेलला गेला. दोन्ही बेटांचे देव नदीपार गेले आणि तिथेच राहिले.

दिवाडीत मात्र तुम्ही त्या देवाच्या मागे जाऊ शकता, तेही सायकलवरून, आणि माझ्या मते या बेटाची सर्वांत मोठी गोष्ट हीच. बेटाच्या उत्तरेला जुन्या नार्वेत कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर होतं. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत देऊळ मोडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. लिंग भाविकांनी नदीपलीकडे नेलं आणि तिथल्या गावालाही नार्वेच म्हटलं जातं. शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्या नव्या जागी मंदिराचा जीर्णोद्धार करवला. मंदिरावरच्या शिलालेखात तसं कोरलेलं आहे. महाराष्ट्रातून आलेला मुलगा शाळेच्या पुस्तकात महाराजांचे किल्ले वाचून आलेला असतो; त्यांनी गोव्यात एक देऊळ बांधवलं आणि ते आपल्या कॉलेजपासून सायकलच्या टप्प्यात आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. बेटावर जुन्या देवळाचं कोटीतीर्थाचं तळं बघायचं, मग उत्तरेच्या धक्क्यावर सायकल बोटीत चढवायची आणि थोड्या वेळात पलीकडे मंदिराच्या आवारात उभं राहायचं. देव ज्या पाण्यावरून गेला तेच पाणी आपणही ओलांडतो. इतिहास विषय नसलेल्या माझ्या मित्रांनाही तिथे पोचल्यावर बोलण्यासारखं खूप सुचलं. २०२३ साली मंदिराचं नूतनीकरण झालंय. ठेंगणं कौलारू छप्पर आणि समोरची दीपमाळ पाहून मला तरी तिथून लवकर निघवत नाही.

दिवाडीची उणी बाजू सांगायलाच हवी. खाजनातल्या रस्त्यांवर सावली नाही. मार्चनंतर अकराच्या पुढे तिथे सायकल मारणं हे व्यायामापेक्षा शिक्षा जास्त. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि मोकळ्या शेतात त्याला अडवायला काही नसतं; परतताना तो तोंडावर येतो. खाण्याची सोयही चोख नाही. गावात चहा, भाजी-पाव मिळतो, पण दुपारी बंद दारं बघावी लागतात, म्हणून मी जुन्या गोव्यातच पोटभर खाऊन निघतो आणि पाणी जास्तीचं घेतो. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीचा बोंदेरां हा उत्सव असतो. त्या दिवशी झेंड्यांची मिरवणूक बघायला जरूर जा, पण सायकलवरून बेट फिरण्याचा बेत त्या दिवशी करू नका, बोटीलाच प्रचंड गर्दी असते.

तुमच्याकडे दुर्बीण असेल, अर्धाच दिवस असेल, किंवा सोबतच्या कुणाला उन्हाचा त्रास होत असेल, तर चोडण घ्या, आणि संकोच न करता घ्या. पूर्ण दिवस असेल आणि खरोखर सायकल चालवायची असेल, तर मी दिवाडी म्हणेन.

जायचं ठरलंच तर सकाळी लवकर जुने गोवेच्या धक्क्यावरून चढा, म्हणजे ऊन तापायच्या आत टेकडी आणि दफनभूमी होते. मग कोटीतीर्थ, नार्वेची बोट, मंदिर. परतताना जुन्या गोव्याला न जाता बेटावरच्या मालारवरून रायबंदरची बोट धरा. पणजीकडचा मोठ्या वाहनांचा रस्ता तेवढा वाचतो. धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं, तिथे सायकलवरून उतरून चाला. पंप आणि पंक्चरचं सामान सोबत असू द्या. आणि चोडणला थंडीतल्या एखाद्या सकाळी, ओहोटीची वेळ पाहून, सायकल वसतिगृहातच ठेवून जा.